पाचवा इलेक्ट्रॉन मोकळा कसा होतो?

बारावीच्या वर्गात सेमीकंडक्टरचं प्रकरण चालू होतं. फळ्यावर नेहमीची आकृती काढली. मधे मुद्दाम मिसळलेला फॉस्फरस, भोवती चार सिलिकॉन, चार बंध आणि कडेला एक सुटा ठिपका. "हा पाचवा इलेक्ट्रॉन मोकळा," एवढं म्हणून मी पुढे सरकणार, तोच मागच्या बाकावरून आवाज आला.

"सर, मोकळा कसा? तो गेला तर फॉस्फरसवर प्लस राहतोय की. प्लस मायनसला असं सोडतोय होय?"

मुलगी कोल्हापूरजवळच्या शिरोलीची. वडील तिथल्याच एका फाउंड्रीत भट्टीवर कामाला. तास संपायला चार मिनिटं होती. "खोलीच्या तापमानाला तेवढी उष्णता पुरते," असं सांगून मी वेळ मारून नेली. घरी आल्यावर ते उत्तर टोचत राहिलं. ते खोटं नव्हतं, पण तिनं विचारलं होतं त्याला भिडलंच नव्हतं. परका अणू आपला विद्युतभार किती घट्ट धरतो, यावरच तर डायोड, ट्रान्झिस्टर, एलईडी, सौरपट्टी असं सगळं उभं आहे. म्हणून आता सावकाश उत्तर देतो.

आधी प्रमाण बघू. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर या भागांत वाढलेल्या पोरांना चिमटीची ताकद वेगळी सांगावी लागत नाही. बिडाच्या रसात मॅग्नेशियम शेकडा ०.०४च्या आसपास टिकलं, की आतलं ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात जमतं आणि ठिसूळ बीड चिवट होतं. यालाच आपल्याकडे एसजी म्हणतात. सिलिकॉनमध्ये मात्र याहून कितीतरी कमी मिसळ पुरते. एका घनसेंटीमीटर सिलिकॉनमध्ये अणू असतात ५ वर २२ शून्यं इतके. त्यात फॉस्फरसचे अणू १ वर १६ शून्यं इतके टाकले, तर प्रमाण पडतं ५० लाखांत एक. कोल्हापूर जिल्ह्याची २०११च्या जनगणनेतली लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार. म्हणजे अख्ख्या जिल्ह्यात मिळून एक परका माणूसही पुरता येत नाही.

आणि परिणाम? अगदी शुद्ध सिलिकॉनमध्ये खोलीच्या तापमानाला ५ लाख कोटी अणूंमागे एखादाच इलेक्ट्रॉन मोकळा सापडतो. ५० लाखांत एक फॉस्फरस टाकला की मोकळ्या इलेक्ट्रॉनांची संख्या दहा लाख पटींनी वाढते. अर्थात त्यासाठी फॉस्फरसनं आपला इलेक्ट्रॉन सोडायला हवा. तो घट्ट धरून बसला, तर मिसळ करूनही हाती काही लागत नाही. मुलीचा प्रश्न नेमका इथे होता.

फॉस्फरसचा अणू एकटा, पोकळीत असताना त्याचा सगळ्यात बाहेरचा इलेक्ट्रॉन काढायला साधारण १०.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. इलेक्ट्रॉनव्होल्ट हे अणूंच्या जगातलं चलन समजा. त्याचा हजारावा भाग म्हणजे मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. पुढे नुसतं 'मिलि' म्हणतो. तोच फॉस्फरस सिलिकॉनच्या स्फटिकात चार बंधांनी बसला, की पाचवा इलेक्ट्रॉन काढायला ४५ मिलि पुरतात. पकड दोनशे तीस पटींनी सैल झाली. फॉस्फरस तोच, केंद्रकही तेच. मग हे सैल कुणी केलं?

स्फटिकानं केलं.

थंडीच्या दिवसांत कोरड्या केसांवरून प्लास्टिकची फणी दहा-बारा वेळा फिरवा आणि कागदाच्या बारीक कपट्यांजवळ न्या. कपटे टुणकन उडून फणीला चिकटतात. (जुलैत करू नका, आपल्याकडच्या दमट हवेत फणीवर भार टिकतच नाही.) कागदावर स्वतःचा भार नसतो, तरी तो ओढला जातो. कारण फणीवरच्या भारामुळे कागदाच्या प्रत्येक अणूतला इलेक्ट्रॉनांचा ढग किंचित सरकतो, एका बाजूला कलतो. सिलिकॉनच्या स्फटिकात हेच घडतं. मधे बसलेल्या फॉस्फरसचा धन भार भोवतालच्या हजारो सिलिकॉन अणूंचे ढग स्वतःकडे थोडे थोडे कलवतो. हे कललेले ऋण ढग त्याच्याभोवती जणू गोधडी लपेटतात. दूर असलेल्या पाचव्या इलेक्ट्रॉनला मग पूर्ण धन भार जाणवत नाही, बाराव्या हिश्शाच्या आसपासच जाणवतो. सिलिकॉनसाठी हा आकडा ११.७. पुस्तकात त्याला डायइलेक्ट्रिक स्थिरांक म्हणतात.

पण पकड बारा पटींनी सैल होऊन थांबत नाही. ओढ बारा पट कमी झाली म्हणून इलेक्ट्रॉन बारा पट लांबवर फिरू लागतो, आणि लांब गेल्यामुळे ओढ आणखी बारा पट कमी होते. ११.७ गुणिले ११.७ म्हणजे सुमारे १३७. वर्गात आम्ही 'स्थिरांकाचा वर्ग' म्हणून पुढे जातो. त्या वर्गात हा दुहेरी खेळ आहे.

दुसरं कारण समजायला थोडं अवघड आहे, पण ते टाळून चालत नाही. स्फटिकात फिरणारा इलेक्ट्रॉन मोकळ्या इलेक्ट्रॉनपेक्षा हलका असल्यासारखा वागतो, सिलिकॉनमध्ये साधारण चौथ्या हिश्शाच्या वजनाचा. त्याचं वजन खरोखर घटत नाही. पंचगंगेच्या धारेबरोबर पोहणारा माणूस काठावरून बघणाऱ्याला एका हातात केवढा तरी पुढे जाताना दिसतो. बघणारा फक्त हात मोजतो, धार हिशेबात धरत नाही. म्हणून पोहणारा त्याला हलका वाटतो. स्फटिकातले अणू ओळीनं, ठरावीक अंतरावर बसलेले असतात आणि इलेक्ट्रॉनची लाट (अणूंच्या जगात इलेक्ट्रॉन लाटेसारखा पसरतो) त्या ओळींतून जाताना त्यांची ढकलाढकली सतत सोसते. प्रत्येक अणूचा धक्का वेगळा मोजणं अशक्य. म्हणून भौतिकशास्त्रज्ञ ती सगळी ढकलाढकली एका आकड्यात बांधतात आणि त्याला 'परिणामी वस्तुमान' म्हणतात. हलका कण कोंडून ठेवणं अवघड असतं, कारण त्याची लाट लांब पसरते. त्यामुळे पकड आणखी चार पटींनी ढिली होते.

आता अकरावीत शिकलेला हायड्रोजन आठवा. एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन, पकड १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट, त्रिज्या ०.०५३ नॅनोमीटर. फॉस्फरसचा उरलेला एक धन भार आणि त्याभोवती फिरणारा पाचवा इलेक्ट्रॉन ही जोडी म्हणजे हायड्रोजनच, फक्त स्फटिकात बुडवलेला. १३.६ला १३७नं भागा, ०.२६नं गुणा. उत्तर येतं ०.०२६ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे २६ मिलि. त्रिज्या येते साधारण २.४ नॅनोमीटर, हायड्रोजनच्या ४५ पट. हायड्रोजनचा अणू जोंधळ्याच्या दाण्याएवढा धरला, तर हा अणू होतो त्याच जोंधळ्याच्या भाकरीएवढा. त्या एवढ्याशा जागेत सिलिकॉनचे जवळपास तीन हजार अणू मावतात. आपण फळ्यावर तो ठिपका फॉस्फरसच्या अंगाला चिकटवून काढतो. खरं तर तो तीन हजार शेजाऱ्यांवर पसरलेला असतो. माझ्या मते आकृतीतली सगळ्यात दिशाभूल करणारी गोष्ट हीच आहे, आणि मुलीच्या प्रश्नाचं मूळही तिथेच आहे. ठिपका जवळ दिसतो, म्हणून पकड घट्ट वाटते.

हे कागदावरचं गणित प्रत्यक्षात पडताळलं गेलं आहे. निसर्गातल्या सिलिकॉनमध्ये शेकडा ४.७ अणू सिलिकॉन-२९ या समस्थानिकाचे असतात. त्यांची केंद्रकं बारीक चुंबकासारखी वागतात. पाचव्या इलेक्ट्रॉनची लाट ज्या ज्या सिलिकॉन-२९पर्यंत पोहोचते, तिथे ती आपली खूण सोडते. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉर्ज फेहर यांनी १९५०च्या दशकात इलेक्ट्रॉन आणि केंद्रक दोघांनाही एकाच वेळी छेडण्याची पद्धत काढून या खुणा मोजल्या. लाट खरोखरच दूरच्या शेजाऱ्यांपर्यंत पसरलेली सापडली.

एक खोच उरते. गणित म्हणतं २६, मोजलं तर ४५. वजनाचा हिशेब अधिक काटेकोर केला, की आकडा ३०च्या आसपास जातो. हे काम वॉल्टर कोन आणि होआकिन लुटिंजर यांनी १९५५मध्ये केलं. (कोन यांना पुढे १९९८मध्ये वेगळ्या कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.) उरलेला फरक गाभ्याजवळचा आहे. इलेक्ट्रॉनची लाट पसरलेली असली, तरी तिचा थोडा भाग फॉस्फरसच्या अगदी जवळही असतो. तिथे मधे शेजारीच नसल्यामुळे गोधडी लपेटायला कुणी नाही, आणि ओढ पूर्ण लागते. म्हणून परका अणू कोण, यावर आकडा थोडा बदलतो. फॉस्फरससाठी ४५, आर्सेनिकसाठी ५४. जर्मेनियममध्ये गोधडी अधिक जाड आहे, स्थिरांक १६. तिथे पकड १०-१२ मिलिंवर येते आणि कागदावरचं गणितही बरंच जुळतं. गॅलियम आर्सेनाइडमध्ये इलेक्ट्रॉन इतका हलका असतो, की पकड जेमतेम ६ मिलि उरते आणि अणू पावणेदोन-दोन लाख शेजाऱ्यांवर पसरतो. अणू जितका फुगलेला, तितकं हे हायड्रोजनचं सोंग चोख वठतं.

फॉस्फरस सिलिकॉनमध्ये आहे हे पहिल्यांदा कळलं कसं, ही गोष्ट उद्यमनगरात सांगायला मला फार आवडते. १९४०च्या सुमारास बेल प्रयोगशाळेतच सिलिकॉनच्या काही ओतीव गोळ्यांत एकीकडे एका जातीचं वहन आणि दुसरीकडे दुसऱ्या जातीचं वहन आढळत होतं. फरक करणारी मिसळ इतकी थोडी होती, की तेव्हाच्या रासायनिक तपासणीत ती सापडेना. जॅक स्कॅफ आणि हेन्री थ्यूरर या धातुतज्ज्ञांना मात्र त्या सिलिकॉनला येणारा वास ओळखीचा वाटला. तो कार्बाइडच्या गॅससारखा, म्हणजे ॲसिटिलीनसारखा होता. वेल्डिंगच्या दुकानात कार्बाइडवर पाणी पडलं की जो लसणासारखा उग्र दर्प येतो, तोच. तो ॲसिटिलीनचा नसतो, त्यातल्या फॉस्फीनचा असतो. म्हणजे फॉस्फरसचा. कोट्यवधी रुपयांच्या उद्योगाचा धागा असा नाकानं पकडला गेला.

आता मुलीला मी दिलेल्या उत्तराकडे वळतो. खोलीच्या तापमानाला कणांच्या हाती सरासरी खर्चायला असते साधारण २६ मिलि इतकी ऊर्जा. पकड आहे ४५ची. खिशात २६ आणि भाडं ४५, मग इलेक्ट्रॉन सुटतो कसा? 'उष्णता पुरते' या उत्तरात हीच फट होती. नुसत्या ऊर्जेची तुलना केली, तर निम्मे-अधिक इलेक्ट्रॉन अडकून राहायला हवेत.

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर जा. गुलालात न्हालेली गर्दी, सासनकाठ्या नाचताहेत, पाय ठेवायला जागा नाही. अशात आईचा हात सुटलेलं पोर पुन्हा आईजवळ येणं अवघड का होतं? आईची ओढ कमी पडते म्हणून नाही. आईजवळची जागा एक आणि बाकीच्या जागा हजारो, म्हणून. प्रत्येक पावलाला दूर जाणाऱ्या वाटा जास्त असतात.

सिलिकॉनमध्येही असंच आहे. आपल्या उदाहरणात एका फॉस्फरसमागे मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या पट्ट्यात, म्हणजे वहन पट्ट्यात, खोलीच्या तापमानाला वापरता येण्याजोग्या सुमारे २८०० जागा रिकाम्या असतात. ४५ मिलिंची चढण असल्यामुळे त्यातली प्रत्येक जागा घरापेक्षा पाचपट कमी आवडती. पण २८०० ना! हिशेब केला, तर हजार फॉस्फरस अणूंमागे चारच इलेक्ट्रॉन घरी सापडतात. बाकी ९९६ भटकत असतात. ऊर्जा आणि जागांची संख्या असे दोन्ही पाय टेकल्याशिवाय हे उत्तर उभं राहत नाही. पाठ्यपुस्तकं पहिला सांगतात, दुसरा बहुतेक वेळा गाळतात. मला ते पटत नाही. बारावीच्या मुलांना हे कळतं.

तापमान उतरवलं की पारडं फिरतं. आपल्याकडे गावोगावी जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी डॉक्टर ॲल्युमिनियमचा एक गोल, अरुंद मानेचा कॅन घेऊन येतात. झाकण काढलं की पांढरी वाफ वर जाण्याऐवजी काठावरून खाली ओघळते. आत द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंशांवर. आपला सिलिकॉनचा तुकडा त्यात बुडवला, तर मोकळे राहतील साधारण तीनातला एक. उरलेले दोघे घरी परततील. उणे २५३ अंशांपर्यंत गेलात, तर लाखात एखादाच बाहेर सापडेल. फॉस्फरस तेवढाच आहे, पण वीज वाहायला कुणी नाही. यालाच फ्रीझ-आउट म्हणतात, इलेक्ट्रॉन गोठून घरी बसले.

एन-टाइपची, म्हणजे मोकळ्या इलेक्ट्रॉनांनी वीज वाहणाऱ्या सिलिकॉनची गोष्ट इथवर. पी-टाइपमध्ये बोरॉन येतो, त्याच्याकडे तीनच इलेक्ट्रॉन. एक बंध अपुरा पडतो आणि शेजारचा इलेक्ट्रॉन तो भरायला सरकतो. मागे राहिलेली रिकामी जागा, म्हणजे होल, धन भारासारखी हिंडते, आणि जादा इलेक्ट्रॉन घेतल्यानं ऋण झालेला बोरॉन तिला धरून ठेवतो. आरशातला तोच हायड्रोजन. बोरॉनची पकडही ४५ मिलि. इंडियम वापरला, तर ती १५५-१६० मिलिंवर जाते आणि खोलीच्या तापमानाला अर्ध्याच्या आसपासच होल सुटतात. कारखान्यांत बोरॉनचं राज्य आहे ते यामुळेही.

घट्ट पकडीचं टोक म्हणजे सोनं. कोल्हापूरच्या गुजरीतलं सोनं सिलिकॉनमध्ये गेलं, तर त्याची पातळी वहन पट्ट्याच्या ५४० मिलि खाली, बंधातले इलेक्ट्रॉन आणि मोकळे इलेक्ट्रॉन यांच्यामधल्या ऊर्जेच्या दरीत जवळजवळ मधोमध बसते. इथे हायड्रोजनचं चित्र लागूच पडत नाही. इलेक्ट्रॉन फुगून हजारो अणूंवर पसरत नाही, सोन्याच्या अंगालगतच राहतो, आणि शेजाऱ्यांनी गोधडी लपेटण्याआधीच सगळा हिशेब गाभ्यात मिटतो. असा अणू मोकळे कण देत नाही. जवळून जाणारा इलेक्ट्रॉन पकडतो, मग होल पकडतो आणि दोघांना एकमेकांत मिटवून टाकतो. सौरपट्टीला हे विषासारखं. पण चटकन बंद व्हायला हव्या असलेल्या डायोडमध्ये अभियंते मुद्दाम चिमूटभर सोनं टाकत आले आहेत, कारण तिथे उरलेले कण झटपट मिटणंच हवं असतं.

आता पुन्हा मॅग्नेशियम. निळी एलईडी गॅलियम नायट्राइडची असते आणि तिच्यात होल पुरवायचं काम मॅग्नेशियम करतो. त्याची पकड मात्र २०० मिलिंच्या घरात. खोलीच्या तापमानाला शंभर अणूंमागे एखादाच होल सोडतो, म्हणून मॅग्नेशियम भरपूर ओतावं लागतं. त्यात पूर्वी आणखी एक अडचण होती. स्फटिक वाढवताना हायड्रोजन आत शिरून मॅग्नेशियमला चिकटायचा आणि त्याला पार निकामी करायचा. नागोया विद्यापीठात इसामू अकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी १९८९मध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत मारून तो हायड्रोजन सोडवला. शुजी नाकामुरा यांनी १९९२मध्ये नुसत्या तापवण्यानं तेच साधलं. तिघांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. घरातला पांढरा एलईडी बल्ब म्हणजे आत निळी एलईडी आणि तिच्यावर पिवळा लेप. मॅग्नेशियमला चिकटलेला हायड्रोजन सोडवला नसता, तर तो पेटला नसता.

सैल पकडीचा उपयोग फक्त वीज वाहण्यापुरताच नसतो. कधी तीच मोजमाप होते. जेम्स वेब दुर्बिणीवरच्या मिरी या उपकरणात आर्सेनिक मिसळलेल्या सिलिकॉनचे शोधक आहेत, ७ केल्विनच्याही (उणे २६६ अंशांच्याही) खाली गार केलेले, म्हणजे सगळे इलेक्ट्रॉन घरी बसलेले. धुळीच्या ढगांकडून आलेला अवरक्त प्रकाशाचा एखादा कण त्या पन्नासेक मिलिंची चढण नेमकी पार करून देतो, इलेक्ट्रॉन सुटतो आणि नोंद होते. शुद्ध सिलिकॉनला हा प्रकाश दिसत नाही, त्याला हजार मिलिंहून मोठा धक्का लागतो. आर्सेनिकची सैल पकड आहे, म्हणून २८ मायक्रॉनपर्यंतचं आकाश दिसतं.

दुसऱ्या आठवड्यात मी त्या मुलीला हे सगळं सांगितलं. वर्गात नव्हे, तास संपल्यावर व्हरांड्यात, कागदावर भाकरी आणि जोंधळा काढून. ती बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे सर, बाबा भट्टीत टाकतात तेच मॅग्नेशियम बल्बात हाय?"

"तेच."

"आणि तिथं शंभरातला एकच सोडतोय?"

"एखादाच."

"मग गरम झाल्यावर जास्त सोडत असंल की."

सोडतो. गॅलियम नायट्राइड तापत गेलं, की मॅग्नेशियम आणखी होल सोडतो; फ्रीझ-आउटच्या बरोब्बर उलट. तिनं ते न सांगता ओळखलं होतं.